कागद त्याला काय म्हणतो?

शोधखिडकीत शब्द टाकण्याआधी मी एक प्रश्न विचारते: हा कागद ज्याने तयार केला, त्याने या गोष्टीला काय म्हटलं असेल? मला काय हवंय ते मला ठाऊक असतं. समोर बसलेल्या माणसाला काय हवंय तेही थोडं बोलल्यावर कळतं. पण माहिती ज्याने लिहून ठेवली, तो आम्हा दोघांच्याही ओळखीचा नसतो. तो कधी मंत्रालयातला कक्ष अधिकारी असतो, कधी विश्वकोशाची नोंद लिहिणारा अभ्यासक, तर कधी १८८५ सालचा इंग्रज अधिकारी. त्याच्या तोंडचे शब्द हाती लागले की माहिती हाती लागते. नाही लागले, तर ती त्याच संकेतस्थळावर, दोन क्लिकच्या अंतरावर पडून राहते आणि आपण "नेटवर काहीच नाही" म्हणून उठतो.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. 'ब' वर्गाचं वाचनालय. खाली पुस्तकांची कपाटं आणि वर्तमानपत्रांचं टेबल, वर स्पर्धा परीक्षेच्या मुलांची अभ्यासिका. देवघेवीच्या काउंटरला लागून एक संगणक आणि प्रिंटर आहे. कादंबरी बदलून न्यायला येतात, तितकेच लोक आता "ताई, एक जीआर काढून द्या" म्हणत येतात. जीआर म्हणजे राज्य सरकारचे शासन निर्णय, आणि ते संकेतस्थळावर सगळ्यांसाठी खुले आहेत. तिथे विभाग निवडून, विषयातले शब्द टाकून, दोन तारखांमधला काळ देऊन किंवा थेट सांकेतांकावरून, म्हणजे कागदाच्या शेवटी दिलेल्या आकड्यावरून, शोधता येतं. दरवाजा उघडाच आहे. आत गेल्यावर कुठल्या नावाने हाक मारायची, एवढंच माहीत असावं लागतं.

एका दुपारी शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी आल्या. "ताई, आमचा पगार वाढलाय म्हणतेत. त्याचा कागद असंल का? शाळंत इचारलं तर म्हणाले, आमच्याकडं काही आलं नाही अजून." अभ्यासिकेतला एक मुलगा खाली पाणी प्यायला आला होता, त्याला मी संगणकापाशी बसवलं. त्याने झटकन टाईप केलं: खिचडी पगार वाढ जीआर. समोर आले ते खिचडीच्या पाककृतींचे व्हिडिओ, कुठल्या तरी मोर्चाची जुनी बातमी, आणि "मोठी खुशखबर" असं ओरडणारी, आत काहीही नसलेली पानं.

मी त्याला म्हटलं, "जरा थांब. मंत्रालयात बसून हा कागद तूच लिहितो आहेस असं समज. विषयाच्या ओळीत 'खिचडी' लिहिशील?"

"नाही. शालेय पोषण आहार."

"आणि पगार?"

"वेतन."

वेतन हा शब्द सरकारी कागदात नियमित पदावरच्या माणसासाठी येतो. मावशींना जे मिळतं त्याला कागद 'मानधन' म्हणतो. आणि मावशींना कागद काय म्हणतो? इथे तो अडला. मावशीही गप्प झाल्या. कागद त्यांना 'स्वयंपाकी तथा मदतनीस' म्हणतो. इतकी वर्षं चुलीपुढे उभं राहून आपल्या कामाला असं नाव आहे हे त्यांच्या कानावर कधी आलंच नव्हतं. हे मला आजही लागतं. ज्या माणसाबद्दल कागद निघतो, त्याला स्वतःचं कागदावरचं नाव ठाऊक नसतं, म्हणून तो कागद त्याच्यापर्यंत पोचत नाही.

मग आम्ही नीट शोधायला बसलो. विभाग: शालेय शिक्षण व क्रीडा. आता शब्द. या योजनेचं नाव २०२१ मध्ये बदललं. आधीची 'शालेय पोषण आहार योजना' पुढे 'प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना' झाली. पूर्ण नाव टाकलं तर एका काळातले कागद येतात आणि दुसऱ्या काळातले निसटतात. दोन्ही नावांत जो शब्द टिकून राहिला, तो घ्यायचा: पोषण. त्याला 'मानधन' जोडलं आणि लांबलचक यादी एकदम आटोक्यात आली. नाव बदललेल्या कुठल्याही योजनेला, खात्याला, जिल्ह्याला ही युक्ती लागू पडते. जुन्या-नव्या नावात सामाईक काय उरलं ते पाहावं. काहीच उरलं नसेल तर दोन वेगळे शोध घ्यावेत आणि नाव बदलल्याच्या वर्षापाशी तारखांची हद्द आखावी.

शासन निर्णय उघडला की लोक थेट रक्कम शोधायला खाली धावतात. मी वरूनच वाचायला लावते. डोक्यावर विषय, मग विभाग, मग क्रमांक. या योजनेच्या कागदांचा क्रमांक 'शापोआ' अशा अक्षरांनी सुरू झालेला पुष्कळदा दिसतो. शालेय पोषण आहार या तीन शब्दांची ती आद्याक्षरं. मग वर्ष, मग 'प्र.क्र.' म्हणजे प्रकरण क्रमांक, आणि शेवटी ज्या कार्यासनातून, म्हणजे विभागातल्या ज्या शाखेतून, कागद निघाला त्याची खूण. हा क्रमांक म्हणजे त्या कागदाचं घराणं. एक कागद सापडला की त्याच अक्षरांवरून त्याची भावंडं सापडतात.

क्रमांकाखाली 'वाचा' असा मथळा असतो आणि त्याखाली आधीच्या शासन निर्णयांची यादी, तारखांसकट. माझ्या मते अख्ख्या कागदातली शोधणाऱ्याला सगळ्यांत उपयोगी जागा ही. कुणी तरी आधीच शोधून, लावून, क्रमाने मांडून ठेवलेलं असतं. वर्तमानपत्रातल्या बातमीवरून किंवा कुणाच्या सांगण्यावरून आपल्याला एखादा चुकून मधलाच कागद मिळतो. 'वाचा'मधल्या तारखा धरून मागे गेलं की योजना कुठून सुरू झाली, रक्कम कधी बदलली, अट कधी घातली गेली, सगळा प्रवास उलगडतो. पुढे जायचं असेल तर हातातल्या कागदाची तारीख घेऊन त्याच्यानंतरच्या काळातला शोध घ्यायचा.

मावशींना हवा होता तो कागद मिळाला. मुलाने त्यातलं मानधनाचं वाक्य वाचून दाखवलं, मावशींनी ते त्याच्याकडून पुन्हा वाचून घेतलं, मग प्रिंट घेतली आणि विचारलं, "ह्येच्यात माझं नाव कुठंय ते पेननं खूण करून द्या." 'स्वयंपाकी तथा मदतनीस' या शब्दांखाली त्याने रेघ मारून दिली.

ग्रंथालयशास्त्रात हे नवं नाही. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले, त्यांतला तिसरा प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा असं सांगतो आणि चौथा वाचकाचा वेळ वाचवा असं. आम्ही शिकलो तेव्हा तालिकापत्रांचे, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींच्या कार्डांचे, लाकडी खण होते. त्यांत लेखकाचं पत्र, शीर्षकाचं पत्र, विषयाचं पत्र असायचं, आणि त्यांच्या मध्येमध्ये एक साधं पत्र असायचं, ज्यावर पुस्तक नसायचंच. वाचक ज्या नावाने शोधेल ते वर, खाली 'पाहा', आणि त्याखाली ग्रंथालयाने स्वीकारलेलं नाव. टोपणनावाकडून खऱ्या नावाकडे, बोलीतल्या शब्दाकडून शास्त्रातल्या शब्दाकडे. कुणी तरी वाचकाच्या वतीने आधीच विचार करून ठेवलेला असायचा. मराठी विश्वकोशाची नोंद वाचताना मधूनच बाणाची खूण करून दुसऱ्या नोंदीचं नाव दिलेलं दिसतं, तीही याच जातीची. संकेतस्थळांवर अशी पत्रं कमी झाली आहेत. त्यांचं काम आता शोधणाऱ्याला स्वतःच्या डोक्यात करावं लागतं.

मराठीत शोधताना त्यात आणखी एक भर पडते, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. आपली भाषा शब्दाला विभक्ती लागली की त्याचं अंगच बदलते. 'पाऊस' शोधला तर 'पावसात', 'पावसाने', 'पावसाळ्यात' यांतलं काहीच सापडेल असं नाही, कारण 'पाऊस' ही अक्षरं त्यांत नाहीतच. 'विहीर' दीर्घ, 'विहिरीत' ऱ्हस्व. सरकारी मजकुरात शब्द मूळ रूपात क्वचितच येतो. तो 'विहिरींकरिता', 'विहिरीसाठी' असा येतो. म्हणून पानावर किंवा पीडीएफमध्ये शोधताना मी पूर्ण शब्द टाकत नाही, विभक्ती लागलेल्या सगळ्या रूपांत टिकणारा तुकडा टाकते: 'पावसा', 'विहि', 'रस्त्या'. तुकडा पुऱ्या अक्षरावर तोडावा, अर्ध्यावर तोडलेला काही यंत्रांना चालत नाही. मोठ्या शोधयंत्रांत मात्र तुकडा उपयोगाचा नाही. तिथे दोन्ही रूपं द्यायची आणि मध्ये इंग्रजी मोठ्या अक्षरांत 'ऑर' लिहायचं.

त्यातही 'शेतकऱ्यांना' या शब्दाइतकी गंमत आणि इतका त्रास दुसऱ्या शब्दात नाही. त्यातला 'ऱ्या' टाईप करायच्या दोन पद्धती रूढ आहेत. एकीत 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरतात. दुसरीत साधा 'र', त्याला हलन्त, आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. यंत्राच्या लेखी ते वेगळे अक्षरक्रम, आणि सगळीच यंत्रं त्यांना एक मानत नाहीत. तिसरा प्रकार म्हणजे घाईत टाईप झालेला 'शेतकर्यांना', ज्यात आडव्या रफाराच्या जागी डोक्यावरचा रफार येऊन बसतो. महाराष्ट्रात सर्वांत जास्त कागद ज्याच्या नावाने निघत असतील, त्या माणसाचंच नाव असं तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. उपाय सोपा आहे: 'शेतक' एवढंच टाकायचं. पुढचं अक्षर कसंही येवो.

तशीच 'ॲ'ची गोष्ट. हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर सगळ्या लिपींची अक्षरं साठवण्याच्या सामाईक पद्धतीत, २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधी लोक 'अ'वर चंद्र ठेवून काम भागवत, आणि ती सवय अजून आहे. दिसायला एकच, आतून दोन. विसर्गाचंही तसंच. 'दुःख' लिहिताना कित्येक जण विसर्गाऐवजी कोलनचे दोन ठिपके देतात. तसं लिहिलेलं 'दुःख' शोधून सापडत नाही. उलटही होतं. शोधयंत्राला कोलन द्यायचा असतो तिथे मराठी कळफलकावरून विसर्ग पडतो आणि युक्ती चालत नाही. आकडे देवनागरीत आहेत की इंग्रजीत, 'सातबारा' अक्षरांत आहे की तिरक्या रेघेने, हेही बघावं लागतं. आणि सातबारा हा तर लोकांचा शब्द. उताऱ्याच्या डोक्यावर 'गाव नमुना सात, अधिकार अभिलेख पत्रक' असं असतं, बाराला 'पिकांची नोंदवही' म्हणतात. जुन्या कागदांत 'गांव' अनुस्वारासकट येतो. शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ साली आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, पण त्याआधीची पुस्तकं शोधायची तर 'नांव', 'पांच', 'कांहीं' असंच लिहावं लागतं. ज्याने लिहिलं त्याच्या काळात जाऊन लिहायचं, हाच नियम इथेही.

कधी कधी शब्द बरोबर असतो, पान समोर असतं, तरी शोध काही दाखवत नाही. तेव्हा मी माउसने त्या पानावरचं एखादं वाक्य निवडून पाहते. निवडलंच जात नसेल तर ते पान म्हणजे फोटो आहे, त्यात यंत्राला वाचता येईल असं अक्षर नाही. निवडलं गेलं, पण दुसरीकडे चिकटवल्यावर इंग्रजी चिन्हांचा चिवडा दिसला, तर मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहे. आयएसएम, श्रीलिपी, कृतिदेव यांच्या जुन्या फॉन्टांत पडद्यावर मराठी दिसायची, पण आत साठवलेली अक्षरं परकीच असायची. आपल्या राज्याची कित्येक वर्षांची लिखापढी त्या रूपात पडून आहे. अशा कागदाला शब्दाने शोधता येत नाही. तारखेने, क्रमांकाने, ज्या पानावर त्याचा दुवा आहे त्या पानावरच्या मथळ्याने शोधायचा. फोटो असेल तर मोबाईलच्या लेन्सने किंवा ड्राइव्हवर चढवून डॉक्समध्ये उघडून मजकूर काढता येतो. मराठी बऱ्यापैकी वाचली जाते.

गुगलच्या खुणा मुलांना मी एका बैठकीत शिकवते, त्याला फार वेळ लागत नाही. एकाच संकेतस्थळात शोधायचं तर इंग्रजीत साइट, त्याला चिकटून कोलन, आणि जागा न सोडता संकेतस्थळाचा पत्ता. शब्द त्याच क्रमाने हवे असतील तर दुहेरी अवतरणात. नको तो शब्द वगळायला त्याच्याआधी उणे. फक्त पीडीएफ हव्या तर फाइलटाइप, कोलन, पीडीएफ. एवढं पुरतं. मात्र एक गोष्ट मी आवर्जून सांगते. ज्या संकेतस्थळांवर अर्ज भरल्यासारखं विभाग निवडून, तारीख टाकून, समोरच्या वाकड्यातिकड्या अक्षरांची ओळख पटवूनच यादी येते, त्या यादीपर्यंत गुगल सहसा पोचत नाही. तिथे त्या संकेतस्थळाच्याच खिडकीत शोधावं लागतं. गुगलने नाही म्हटलं म्हणजे कागद नाही, असं समजू नये. पूर्वी चालणारा दुवा आता उघडत नसेल तर तो पत्ता इंटरनेट अर्काइव्ह या खुल्या डिजिटल संग्रहाच्या वेबॅक मशीनमध्ये चिकटवून बघावा. जुनी पानं तिथे कधी कधी जशीच्या तशी मिळतात.

शोधण्याइतकंच पडताळून बघणं महत्त्वाचं आहे. अतिवृष्टी झाली की पुढचे काही आठवडे वाचनालयात एकच विषय असतो. एक काका मोबाईल पुढे करून म्हणाले, "नुकसानभरपाईचं आलंय ह्ये. आपला तालुका हाय त्यात. खरं हाय का बघा बरं, उद्या तहसीलला जायाचं का न्हाई ते ठरवतो." मोबाईलवर शासन निर्णयाच्या पानांचे फोटो होते. बहुतेक जण असा कागद कृषी विभागात शोधतात, कारण नुकसान पिकाचं. पण आपत्तीची मदत हा महसूल व वन विभागाचा विषय, त्यातही मदत व पुनर्वसन. आणि कागद 'नुकसानभरपाई' क्वचितच म्हणतो. तो 'बाधित शेतकऱ्यांना मदत' म्हणतो, 'निविष्ठा अनुदान', म्हणजे बियाणं-खतांसारख्या खर्चासाठीची मदत, म्हणतो.

आम्हाला मात्र एवढंही करावं लागलं नाही. शासन निर्णयाच्या शेवटी एक ठरावीक वाक्य असतं: हा निर्णय संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा सांकेतांक अमुक आहे. हा लांबलचक आकडा कुणी वाचत नाही. त्याचे पहिले चार आकडे वर्षाचे, पुढचे दोन महिन्याचे, त्यापुढचे दोन दिवसाचे. काकांच्या फोटोतला आकडा मोठा करून पाहिला तर वर्ष जुनं होतं. कागद खरा होता, पण आधीच्या एका पावसाळ्याचा. काकांना मी तेच आकडे बोटाने दाखवले. ते पाच मिनिटं बसून गटावर आलेले बाकीचे फोटो तपासत राहिले आणि मग म्हणाले, "मंग ह्यो कुणी पाठवला त्याला पण सांगतो." फोटोत शेवटचं पान नसेल किंवा ही ओळ कापलेली असेल, तर मी तो कागद पुढे पाठवू नका असं स्पष्ट सांगते. सांकेतांक असेल तर तो संकेतस्थळावर टाकून मूळ कागद उघडावा आणि त्यातच आपल्या जिल्ह्याचं नाव पाहावं.

शासन निर्णयांबाहेरचंही शोधायला लोक येतात, आणि त्यातलं एक काम माझ्या फार आवडीचं. न्यू जर्सीत राहणाऱ्या एका कुटुंबाला आपल्या मूळ गावाबद्दल जुनं काही मिळतं का ते हवं होतं. गाव सातारा जिल्ह्यातलं. मी लगेच जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरकडे, म्हणजे जिल्ह्याजिल्ह्याची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथमालेकडे, वळले. साताऱ्याचा तो एकोणिसावा खंड, १८८५ सालचा, इंटरनेट अर्काइव्हवर आहे. गंमत अशी की त्याच्या आतल्या मजकुरात इंग्रजीत 'सातारा' शोधलं तर जितक्या जागी यायला हवं तितक्या जागी येत नाही. कारण छापताना त्यांनी दीर्घ 'आ' दाखवायला इंग्रजी 'ए'वर तिरकी रेघ दिली आहे, आणि स्कॅनवरून अक्षरं ओळखणारं यंत्र तो रेघेचा 'ए' पुष्कळदा 'डी' वाचतं. म्हणजे साताऱ्याचं स्पेलिंग एस, डी, टी, डी, आर, ए असं होऊन बसतं. ठाण्याच्या 'आ'चाही तिथे असाच 'डी' होतो.

हे ध्यानात आलं आणि पुढचं सोपं झालं. गावाच्या नावात जिथे जिथे 'आ' होता तिथे 'डी' घातला, आणि गाव सापडलं! चारच ओळी: तालुक्याच्या ठिकाणापासूनचं अंतर, लोकसंख्या, एक देऊळ. पण त्या कुटुंबातल्या आजींनी फोनवर त्या मराठीत वाचून घेतल्या आणि देवळाच्या पायऱ्यांबद्दल स्वतःचं आठवलेलं सांगायला लागल्या. इथे ज्याच्या जागी बसून विचार करायचा होता तो माणूसही नव्हता, यंत्र होतं. पण त्याची चूकसुद्धा ठरावीक असते, म्हणून तिच्यावरून माग काढता येतो. आणि हे सगळं करूनही नाव सापडलं नसतं, तर मी शोधणं सोडून चाळायला बसले असते. त्या गॅझेटियरांत स्थळांचं एक स्वतंत्र प्रकरण असतं आणि त्यात गावं वर्णानुक्रमे येतात. शोधखिडकी आल्यापासून चाळण्याची सवय मोडत चालली आहे, ती मोडू नये असं मला फार वाटतं. अनुक्रमणिका, सूची, परिशिष्ट यांवरून नजर फिरवणं हाही शोधच आहे.

त्याच अर्काइव्हवर जुनी मराठी पुस्तकं चिकार आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळांची नावं रोमन लिपीत चढवलेली आहेत. 'ज्ञ' आला की मराठी माणूस डी-एन-वाय लिहितो, संस्कृतवाला जे-एन, हिंदीवाला जी-वाय. नोंद करणारा कुठला असेल याचा अंदाज घेत तिन्ही करून पाहावं लागतं. शोधाच्या खिडकीजवळच पुस्तकाच्या नोंदीत शोधायचं की आतल्या मजकुरात, असा पर्याय असतो, तोही बदलून पाहावा. व्यक्तींची नावं हा तर आणखीच नाजूक मामला. महात्मा फुल्यांचं पहिलं नाव जोतीराव, जोतिराव, ज्योतिराव, जोतिबा, ज्योतिबा असं पाच तऱ्हांनी लिहिलेलं आढळतं. नुसतं आडनाव टाकून त्याला 'सत्यशोधक' जोडलं की हा गुंता बाजूला पडतो. वादाचं अक्षर टाळून, सगळे सारखंच लिहितात असा शब्द पकडायचा. विश्वकोशात आडनाव आधी येतं, पण तुकाराम, ज्ञानेश्वर यांना त्यांच्या नावानेच शोधावं लागतं.

माहितीचा अधिकार म्हटलं की लोकांना अर्ज, दहा रुपयांचा मुद्रांक आणि अपील आठवतं. २००५ च्या त्या कायद्याच्या कलम ४ मध्ये मात्र आधी वेगळंच सांगितलं आहे: प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचीबद्ध आणि अनुक्रमित ठेवावेत, आणि सतरा बाबींची माहिती कुणी मागण्याआधी स्वतःहून प्रसिद्ध करावी. कामाची पद्धत, अधिकाऱ्यांची यादी, मासिक वेतन, अंदाजपत्रक, अनुदानाच्या योजना आणि त्यांचे लाभार्थी हे सगळं त्यात येतं. म्हणून एखाद्या नगरपरिषदेच्या किंवा कार्यालयाच्या संकेतस्थळावर काहीच धड सापडेनासं झालं की मी 'माहितीचा अधिकार' नावाचं पान उघडते आणि तिथल्या सतरा बाबी बघते. हवं ते अनेकदा तिथे निघतं. माझ्या लेखी कलम ४ हे ग्रंथपालाचं कलम आहे. सूची मागण्याचा हक्क नागरिकाला कायद्याने दिला, हे मला त्या कायद्यातल्या अर्जाच्या तरतुदीइतकंच मोठं वाटतं. लोकांनी तो मोठ्याने मागावा.

काउंटरवर आता एक वही असते. पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे 'लोक म्हणतात', उजवीकडे 'कागद म्हणतो'. पेन्शन, निवृत्तिवेतन. ग्रॅच्युइटी, उपदान. पीएफ, भविष्य निर्वाह निधी. निराधारचे पैसे, संजय गांधी निराधार अनुदान योजना. म्हाताऱ्या माणसांचे पैसे, श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना. फेरफार, गाव नमुना सहा. प्रत्येक जोडीसमोर विभागाचं नाव. अभ्यासिकेतली मुलं अभ्यास करताना नवी जोडी सापडली की स्वतःहून लिहितात. आमच्याच वाचनालयाची ही 'पाहा'पत्रं समजा.

आमच्याकडून दर वर्षी बैलगाड्या, ट्रॅक्टर भरून माणसं कारखान्याला जातात. ती स्वतःला 'कोयता' म्हणतात, मुकादमाकडून घेतलेल्या पैशाला 'उचल' म्हणतात, आणि लेकरांची सोय विचारायला येतात तेव्हा "कारखान्याला जाणाऱ्यांच्या पोरांचं हॉस्टेल" असं म्हणतात. कागद त्यांना 'ऊसतोड कामगार' म्हणतो आणि त्या हॉस्टेलला 'संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना', विभाग सामाजिक न्याय व विशेष सहाय्य. या जोड्यांचं एक स्वतंत्र पान मोठ्या अक्षरांत छापून मुलं बसस्थानकावर, किराणा दुकानात आणि पिठाच्या गिरणीवर लावणार आहेत. कुणाला आणखी शब्द सुचत असतील तर लवकर कळवा. दसऱ्यानंतर टोळ्या निघायला लागतील, त्याआधी ते पान भिंतीवर लागलं पाहिजे.